माणसाची पावती

हरिपूरच्या पेवांबद्दल बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. जमिनीत खणलेल्या त्या कोठारात हळद ओतायची, तोंड बंद करायचं आणि भाव येईपर्यंत खुशाल विसरायचं. काढाल तेव्हा हळद जशीच्या तशी. 2005 च्या महापुरानं पेवांची वाट लावली आणि सांगलीची हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली. रीत मात्र जुनीच राहिली: माल ठेवून घेणारा पावती देतो. पोतं भिजलेलं निघालं तर गोदामवाला म्हणू शकतो, की पाणी मी ओतलं नाही. पण मग ते आलं कुठून, हे त्यालाच सांगावं लागतं. माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याला कोणी म्हणत नाही, की पाणी कोणत्या कामगारानं ओतलं ते आधी शाबीत कर, मग बघू. 1872 च्या करार कायद्यात ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी लिहिलेली आहे. मार्केट यार्डातल्या हमालाला कायद्याचं कलम ठाऊक नसेल, पण न्याय ठाऊक असतो.

तुरुंगाच्या दारातही पावतीसारखंच काहीतरी होतं. आत जाणाऱ्याची झडती होते, अंगावरच्या वस्तू काढून घेतात, रजिस्टरला नोंद होते. घड्याळ एक, अंगठी एक, रोख इतके रुपये. सुटताना सही घेऊन सगळं परत. मी वकिली सुरू केली तेव्हा माझ्या सिनियरांबरोबर एका बाईंच्या कामासाठी गेलो होतो. त्यांचा मुलगा कच्चा कैदी होता आणि आतच गेला होता. त्या मावशींना त्याच्या वस्तू घ्यायच्या होत्या. कारकुनानं नोटा दोनदा मोजल्या, सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं, शाईचा पॅड पुढे केला. हिशेब एका रुपयानंही चुकला नाही. मुलाच्या बरगड्या कशा मोडल्या, याची नोंद करायला मात्र त्या रजिस्टरात रकाना नव्हता. त्या कारकुनाचा काही दोष नव्हता. तो त्याचं काम नीट करत होता, आणि मला आजही तेच टोचतं.

कोठडीत किंवा तुरुंगात पहारेकऱ्याच्या हातून माणसाला इजा झाली, तर सरकारनं भरपाई द्यायची ती कशाच्या नात्यानं? मंत्री ज्याला ‘सानुग्रह मदत’ म्हणतात तिच्या नात्यानं की देणेकऱ्याच्या नात्यानं? माझं म्हणणं सरळ आहे. माणूस सरकारच्या ताब्यात धडधाकट गेला आणि मोडून बाहेर आला, तर काय झालं ते सरकारनं सांगायचं. सांगता आलं नाही तर भरायचं. कोणत्या शिपायानं मारलं आणि त्याला शिक्षा झाली की नाही, हा वेगळा खटला आहे आणि तो वेगळा चालू द्यावा. आज आपण दोन्ही गोष्टी एकाच दोरीत बांधून ठेवल्यात. शिपाई सुटला की सरकारही सुटतं.

या प्रश्नाचं साताऱ्याशी एक नातं आहे, ते साताऱ्यातही फारसं कुणाला ठाऊक नसतं. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर 1901 मध्ये साताऱ्यात जन्मले, तिथेच शाळेत शिकले आणि देशाचे सरन्यायाधीश झाले. कामगारांच्या बाजूनं त्यांनी दिलेले निकाल अजून वाचले जातात. पण 1964 साली त्यांच्याच पीठानं ‘कस्तुरीलाल’ खटल्याचा निकाल दिला, आणि सरकारच्या अंगावर कवच चढलं.

हकीकत फाळणीच्या वर्षाची. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनं-चांदी विकायला मेरठला आला होता. पोलिसांनी संशयावरून त्याला रात्री पकडलं आणि माल जप्त केला. सोनं 103 तोळ्यांच्या वर होतं. माणूस सुटला, चांदी परत मिळाली, सोनं मिळेना. ते मालखान्यात ठेवलेलं होतं आणि ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होतं तो ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता. पेढीनं सरकारवर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, की पोलिसांनी हयगय केली, नियम पाळले नाहीत. तरीही दावा फेटाळला. कारण? अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं ही सार्वभौम सत्तेची कामं. ती करताना नोकर चुकला तर धनी, म्हणजे सरकार, जबाबदार नाही.

या तर्काचं मूळ इंग्रजी अमलात आहे. कलकत्त्यात एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा सरकारी गोदीतल्या मजुरांच्या निष्काळजीपणामुळे जखमी झाला. त्या खटल्याच्या 1861 च्या निकालात सार्वभौम काम आणि साधं काम अशी विभागणी झाली. गोदी चालवणं साधं काम ठरलं आणि घोड्याची भरपाई मिळाली. आपल्या घटनेच्या 300 व्या अनुच्छेदानं सरकारवर दावा लावण्याबाबतची ती जुनी स्थिती, कायदेमंडळ बदल करीपर्यंत, तशीच पुढे चालवली. पुढे उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना एक पादचारी चिरडला गेला, त्या खटल्यात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला जबाबदार धरलं. म्हणजे सरकारी जीपनं मारलं तर भरपाई, सरकारी दंडुक्यानं मारलं तर सार्वभौमत्व.

गजेंद्रगडकरांना हे खटकलं नव्हतं असं नाही. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही आणि विधिमंडळांनी कायदा करण्याचा विचार करावा, हे त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं. विधी आयोगानं तर 1956 मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात हा विषय घेतला होता. संसदेत साठच्या दशकात विधेयक आलं आणि बारगळलं. तेव्हापासून त्या जागी काही नाही. निकालावर माणसं टीका करतात, मीही करतो. पण साताऱ्याच्या त्या न्यायाधीशानं बोट दाखवून सांगितलेली दुरुस्ती साठ वर्षं कुणी केली नाही, याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडता येत नाही.

मग न्यायालयांनी बाजूनं वाट काढली. बिहारचा रुदल शाह 1968 मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगातून बाहेर आला 1982 मध्ये. चौदा वर्षं तो नुसता आत राहिला. 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या पीठानं रिट अर्जातच, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट वरच्या न्यायालयात केलेल्या अर्जातच, सरकारला पैसे द्यायला लावले. आधीचे धरून 35 हजार रुपये झाले. दहा वर्षांनी निकाल आला तो ओडिशाच्या नीलावती बेहरा यांचा. या आईनं न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. पोलिसांनी नेलेला तिचा 22 वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मेलेला सापडला होता. पोलिसांचं म्हणणं, तो कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला. न्यायालयानं दीड लाख द्यायला लावले आणि निक्षून सांगितलं, की मूलभूत हक्काचा भंग असेल तिथे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. आणि 2000 मध्ये आंध्रातल्या कोइलकुंटला उपकारागृहाचं प्रकरण निकाली निघालं. जिवाला धोका आहे असं बापलेकांनी सांगितलं होतं, तरी पहारा ढिला राहिला, आत बॉम्ब पडला, बाप गेला. तिथे तर साधा दिवाणी दावा होता, तरी न्यायालय म्हणालं की कस्तुरीलालचा सिद्धांत आता उरलेला नाही. घटना 1977 ची, अंतिम निकाल 2000 चा, रक्कम 1 लाख 44 हजार आणि व्याज.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पुस्तकात सुटलाच आहे. कोर्टाच्या पायऱ्यांवर नाही.

रिट अर्जात भरपाई मिळते ती छळ उघड आणि निर्विवाद असेल तर. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये हे स्पष्ट केलं: मृत्यू झालेला हवा, नाहीतर वैद्यकीय अहवाल हवा, अंगावर खुणा हव्यात. हे वरवर रास्त वाटतं. आता आमच्याकडे रिमांडला काय होतं ते सांगतो. एका तालुक्याच्या कोर्टातला प्रसंग आहे, असे अनेक पाहिलेत. पोरगा दोन पोलिसांच्या मध्ये उभा. उभा म्हणजे कधी या पायावर, कधी त्या पायावर, कारण तळवे टेकवत नव्हते. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान वर न करता विचारलं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” पोरगा म्हणाला, “नाही साहेब.” रोजनाम्यात लिहिलं गेलं: तक्रार नाही. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, का रे बोलला नाहीस? तो म्हणाला, “अजून तीन दिवस पीसीआर आहे ना.” पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी.

जो विचारतो तो पाच मिनिटांनी चेंबरमध्ये जाणार आणि ज्यांच्याविरुद्ध विचारलं ते रात्रभर सोबत असणार. अशा ‘नाही’ला पुरावा मानणं म्हणजे न्यायव्यवस्थेनं स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानं 1996 पासून कोठडीतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. ती होते, आणि बहुतेक कागदांवर अक्षरही तेच असतं, मजकूरही तोच. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे आणि 18 महिन्यांचं चित्रण जपायला सांगितलं. नेमका त्या रात्री कॅमेरा बंद पडलेला असतो. गोदामवाल्यानं असं सांगितलं असतं तर अडत्यानं त्याला यार्डात उभं केलं नसतं.

म्हणून पुराव्याचं ओझं उलटवायला हवं. ही काही माझी अक्कल नाही. विधी आयोगानं 1985 च्या 113 व्या अहवालात सुचवलं होतं, की पोलिसांच्या ताब्यात असताना इजा झाली असेल तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. 2017 च्या 273 व्या अहवालात छळविरोधी कायद्याचा मसुदाच जोडला. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 1997 मध्ये सही केली, पण तो मंजूर केलेला नाही. 2010 मध्ये लोकसभेनं विधेयक संमत केलं, ते राज्यसभेत अडलं आणि मावळलं. सही करायची आणि घर बदलायचं, असा हा कुळाचा प्रकार.

सांगलीकरांना हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलिस ठाण्यात लूटमारीच्या संशयावरून आणलेला एक तरुण गेला. आधी सांगण्यात आलं, की आरोपी पळाले. मग तपासातून आरोप पुढे आला तो असा, की तो मारहाणीत मेला आणि मृतदेह थेट आंबोलीकडे नेऊन जाळला. उपनिरीक्षकासह पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. गाव हादरलं, बंद पाळला गेला, मोर्चे निघाले. तेव्हा मला एक विचित्र गोष्ट जाणवली. चहाच्या टपरीवर लोक चिडले होते ते मृतदेह जाळल्याबद्दल. मारल्याबद्दल कमी. ‘दोन लावायच्या, पण इतकं?’ असा सूर होता. त्या ‘दोन लावायच्या’ला आपली सर्वांची संमती आहे.

आपल्या भागाला ही संमती जरा जास्तच सहज जमते, असं मला वाटतं. पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. खबऱ्याच्या तळव्यांवर पत्र्या कशा मारल्या, हे म्हातारी माणसं हसत सांगायची आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. त्या चळवळीचं मोठेपण मी कमी करत नाही. पण तळव्यावरच्या माराला न्याय म्हणायची सवय कुठून आली, हे शोधायचं तर फार लांब जायला नको. आता गुंडांची धिंड निघते, पोरं मोबाईल घेऊन मागे धावतात, रात्रीपर्यंत रील फिरते, खाली हजारो लोक ‘साहेबांना सलाम’ लिहितात. खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

आणि याच मुलखानं कैद्यांना डोक्यावर घेतलं आहे. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून खाली उतरले. पाठलागात दादांना गोळी लागली, दोन साथीदार गेले. दादा पुढे मुख्यमंत्री झाले. तो तुरुंग अजून गावाच्या मधोमध आहे, 2019 च्या पुरात त्यात पाणी शिरलं होतं. आज त्याच्या बाहेर मुलाखतीसाठी पिशवी घेऊन बसलेल्या बाईकडे येणारा-जाणारा कसा पाहतो, ते एकदा पाहावं.

‘चोरासाठी आमच्या कराचे पैसे कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न. देशातल्या कैद्यांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे अजून चोर ठरलेलेच नाहीत, हे एक उत्तर. पण समजा ठरले, तरी न्यायालयानं शिक्षा दिली ती कैदेची. फटक्यांची दिलेली नाही. 1979 मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्यानं दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरनं पैशासाठी केलेला भयंकर छळ पत्रानं सर्वोच्च न्यायालयाला कळवला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तुरुंगाच्या भिंतीआतही घटना लागू असते हे ठणकावलं. बत्रा स्वतः फाशीची शिक्षा झालेला माणूस होता, आणि लिहिलं त्यानं दुसऱ्यासाठी.

आता पैशांचं. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं. काम करताना अपघात, वैद्यकीय हयगय, कर्मचाऱ्यांची मारहाण, कैद्यांची मारामारी, यांत मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख. आत्महत्या असेल तर 1 लाख. धोरण आलं हे चांगलंच झालं, आधी तेवढंही नव्हतं. पण जरा हिशेब करू. समजा महिन्याला 15 हजार कमावणारा 22 वर्षांचा अविवाहित मुलगा एसटीखाली आला. मोटार अपघात न्यायाधिकरण काय करतं? वर्षाचे 1 लाख 80 हजार, त्यात पुढच्या वाढीचे 40 टक्के, झाले 2 लाख 52 हजार. अविवाहित म्हणून निम्मे वजा, उरले 1 लाख 26 हजार. त्या वयाचा गुणक 18. म्हणजे 22 लाख 68 हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेचे. हा हिशेब सांगली-साताऱ्याच्या कोर्टांत रोज होतो, त्याला कुणी उपकार म्हणत नाही. तोच मुलगा बराकीत शिपायाच्या मारानं मेला तर 5 लाख. एसटीच्या ड्रायव्हरनं निदान मुद्दाम तरी मारलेलं नसतं.

शिवाय धोरण मृत्यूपुरतं आणि कारागृहापुरतं. पोलिस कोठडीत कान फुटला, मूत्रपिंड निकामी झालं, माणूस जिवंत राहिला, तर त्यात त्याच्यासाठी काही नाही. जगल्याबद्दल दंड म्हणायचा का हा?

भरपाई शिपायाच्या पगारातून कापा, सरकारनं का भरायचं, असंही काहीजण म्हणतात. यात तथ्य आहे आणि थोडी लबाडीही आहे. ज्यानं हात उचलला त्याच्याकडून सरकारनं नंतर वसुली जरूर करावी, न्यायालयांनी तशी मुभा दिलेली आहे. पण आधी कुटुंबाला सरकारनंच द्यायला हवं, कारण तो पहारेकरी तिथे सरकारनं उभा केला. क्षमतेपेक्षा किती तरी जास्त कैदी भरलेल्या बराकीवर मोजके रक्षक, बारा-बारा तासांच्या ड्युट्या, सुट्टीची मारामार, प्रशिक्षणाच्या नावानं शून्य. हे करणारा शिपाई नव्हे. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये अंडी आणि पावांच्या हिशेबावरून एका कैदी बाईला इतकं मारलं, की ती मेली, असा खटला सहा कर्मचाऱ्यांवर उभा राहिला. एका बराकीत सहा जणी एकदम बिघडत नाहीत. वरून कुणीतरी पाहत नसतं, किंवा पाहून गप्प असतं. पैसे गृहखात्याच्या स्वतंत्र लेखाशीर्षातून गेले आणि दरवर्षी विधिमंडळात जिल्ह्यावार आकडा मांडावा लागला, तर वरच्या साहेबांची नजर आपोआप खाली वळेल. निलंबनानं ती वळत नाही. निलंबित शिपाई निर्वाह भत्त्यावर घरी बसतो आणि साहेबाची बदली दुसऱ्या जिल्ह्यात होते.

पहारा ढिला केला तर कैदी पळतील, ही भीती घालणाऱ्यांना मी आटपाडीला जायला सांगतो. औंध संस्थानानं 1939 मध्ये तिथे स्वतंत्रपूर वसवलं, खुली वसाहत. शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह राहतात, शेती करतात. त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमाही निघाला, तो सगळ्यांना आठवतो. वसाहत आपल्याच जिल्ह्यात आहे, हे मात्र अर्ध्या सांगलीला ठाऊक नसतं.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसायचीही गरज नाही. तुरुंग आणि पोलिस हे राज्यसूचीतले विषय आहेत, आणि दिवाणी स्वरूपाच्या अपकृत्यांचा विषय समवर्ती सूचीत आठव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येतो. त्यात फार काही नको: ताब्यातल्या इजेबद्दल सरकारविरुद्ध गृहीतक, अपघात न्यायाधिकरणासारखा हिशेब, जिवंत माणसालाही हक्क, जिल्हा न्यायालयातच अर्ज आणि त्यावर कोर्ट फी नाही. चित्रण सापडत नसेल तर ते सरकारच्या विरोधात होतं असं धरून चालायचं. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे सांगलीच्या आईला रिटसाठी मुंबईची रात्रगाडी पकडावी लागत नाही, तेवढं एक बरं झालं. पण जिला वाळव्याहून सांगलीला यायलाही मजुरी बुडवावी लागते, तिला कोल्हापूरही लांबच.

सातारा आणि सांगली मिळून 16 आमदार आहेत. त्यांतल्या मंत्री नसलेल्या कुणालाही अशासकीय विधेयक मांडता येतं. मसुदा लिहायला मी फुकट बसेन, आणि बारमधले आणखी दोघे-तिघे तयार आहेत. मी दोघा आमदारांकडे विषय काढून पाहिला. एकानं चहा दिला. दुसऱ्यानं विचारलं, “वकीलसाहेब, यात मतं कुठं आहेत?”